रिकामे पोट आणि यकृत

‘अनशापोटी गोळी घेऊ नकोस, चार घास खा आणि मग घे,’ असे आपल्या घरांतली वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. ताडीला निघालेल्या माणसालाही घरची बाई हेच बजावते. हा उपदेश पुस्तकातून आलेला नाही, अनुभवातून आलेला आहे. पण अनुभव ‘काय होते’ ते सांगतो, ‘का होते’ ते सांगत नाही. ते ‘का’ शोधायला गेले की आपण थेट यकृतापाशी जाऊन पोहोचतो. आणि यकृताचा विचार करू लागले की रेशनचा तांदूळ, रात्रपाळी, क्षयाची गोळी, नीरा आणि ताडी हे सगळे विषय एका ठिकाणी येऊन मिळतात. डहाणू-तलासरीच्या माणसाला त्यांतला एकही परका नाही. म्हणून विषय डॉक्टरांचा असला, तरी त्यावर विचार करण्याचा हक्क पोट असलेल्या प्रत्येकाला आहे, असे मी मानतो.

खाटकाच्या दुकानात जिला कलेजी म्हणतात तेच यकृत. माणसात ते उजव्या बरगड्यांच्या आड असते आणि त्याचे वजन सव्वा ते दीड किलो भरते. आतड्यांत पचलेल्या अन्नातला बराचसा भाग, औषधे आणि मद्यही, रक्तातून आधी यकृतात जाते आणि मग बाकीच्या शरीराला मिळते. आलेल्या मालाचे काय करायचे, साठवायचा, मोडायचा, बदलायचा की बाहेर घालवायचा, हे यकृतात ठरते. हे काम ज्यांच्या हातून होते त्यांना एन्झाईम म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत विकर हा शब्द आहे. विकरे ही प्रथिनेच असतात. एका पदार्थाचे दुसऱ्यात रूपांतर ती झपाट्याने घडवतात आणि स्वतः मात्र त्यात खर्च होत नाहीत. भात बराच वेळ चावला की गोड लागतो, ते लाळेतल्या विकराचे काम. पहाटेची गोड नीरा दुपारपर्यंत आंबते, ते किण्वातल्या विकरांचे काम. एन्झाईम हा शब्दच मुळी ‘किण्वातले’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून १८७० च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ क्यूने यांनी बनवला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रक्ताच्या अहवालात एसजीओटी आणि एसजीपीटी असे आकडे येतात आणि ‘लिव्हरचे एन्झाईम वाढले’ असे म्हटले जाते. ऐकणाऱ्याला वाटते, वाढले म्हणजे यकृत जोरात काम करते आहे! तसे नाही. ही विकरे यकृताच्या पेशींच्या आत असायला हवीत. पेशी दुखावल्या की ती रक्तात गळतात. कारखान्यातला माल फाटकाबाहेर रस्त्यावर सापडू लागला, तर त्याला कोणी उत्पादनवाढ म्हणत नाही. मी येथे जे सांगणार आहे ते गळतीविषयी नाही. यकृताच्या आतल्या विकरांचा कामाचा वेग कशाने वाढतो आणि कशाने घटतो, हा आपला प्रश्न आहे.

त्याचे उत्तर दोन शब्दांत आहे: अन्न आणि संप्रेरके. संप्रेरके म्हणजे हार्मोन. शरीरातल्या ग्रंथींनी रक्तातून पाठवलेले निरोप. आपण जेवलो की रक्तात साखर वाढते आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटते. इन्सुलिनचा यकृताला निरोप असतो, ‘साठवा.’ त्यासरशी साखर साठवणारी विकरे कामाला लागतात आणि साखरेचे ग्लायकोजेन होऊन यकृतात शिल्लक पडते. जेवून काही तास झाले की त्याच स्वादुपिंडातून ग्लुकागॉन सुटते. त्याचा निरोप उलटा, ‘कोठार उघडा.’ मग साठवणारी विकरे थंडावतात आणि ग्लायकोजेन मोडून पुन्हा साखर करणारी विकरे जागी होतात. भय वाटले, धावपळ झाली की ॲड्रेनॅलिनही हाच निरोप घेऊन येते.

यकृत साखर साठवते आणि वेळेला रक्तात सोडते, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समधील क्लोद बर्नार यांनी दाखवले. ग्लायकोजेन मोडणाऱ्या विकराचा छडा कार्ल आणि गेर्टी कोरी या दांपत्याने लावला; त्यांना १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. संप्रेरक पेशीच्या बाहेर थांबते, तर त्याचा निरोप आतल्या विकरापर्यंत कसा पोहोचतो, हे अर्ल सदरलँड यांनी यकृतावरच्या प्रयोगांतून उलगडले आणि १९७१ चे नोबेल त्यांना मिळाले.

यकृताचा कारभार दोन गतींनी चालतो, हे नीट ध्यानात घ्यावे. पहिली गती जलद. विकर तेथे असतेच. संप्रेरकाच्या निरोपाने ते क्षणा-मिनिटांत चालू किंवा बंद होते. दुसरी गती सावकाश. एखादे विकर नव्याने किती तयार करायचे आणि किती मोडून टाकायचे, हे तासा-दिवसांत बदलते. जो आहार रोजचा होतो त्याप्रमाणे यकृत आपली विकरे कमी-जास्त करते. अमेरिकेतील रॉबर्ट शिम्के यांनी १९६२ साली उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आहारात प्रथिने जितकी वाढवावीत, तितकी प्रथिनांतल्या नायट्रोजनचे युरिया करणारी यकृतातली विकरे वाढलेली त्यांना दिसली. यात नवल नाही. पण उपाशी ठेवलेल्या उंदरांतही हीच विकरे वाढली! ज्याला डाळ नाही, मासळी नाही, त्याच्या यकृतात प्रथिने मोडणारी विकरे का वाढावीत? कारण उपाशी शरीर स्वतःचेच मांस मोडून खात असते.

याचा हिशेब सोपा आहे. पोटभर जेवलेल्या माणसाच्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन मावते. एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम साखर लागते. म्हणजे ही शिल्लक एका रात्रीची. चोवीस तासांत कोठार जवळजवळ रिकामे होते. त्यानंतर कॉर्टिसोल या संप्रेरकाचे महत्त्व वाढते. ते मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथींतून येते. त्याच्या निरोपाने स्नायूंतली प्रथिने मोडतात आणि त्यांपासून साखर बनवणारी यकृतातली विकरे वाढतात. मेंदूला साखर मिळते, माणूस उभा राहतो. पण ती साखर त्याच्या दंडा-मांड्यांतून आलेली असते. ‘उपाशीपोटी काम केले तरी काही बिघडत नाही, सवय होते,’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. सवय होते हे खरे. ती सवय म्हणजे काय, ते हे असे आहे.

आता रात्रपाळीकडे येऊ. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आपल्या भागातली शेकडो माणसे रात्री कामाला जातात. कॉर्टिसोल पहाटे, उठण्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी. इन्सुलिनला शरीर दिवसा जसे दाद देते तसे रात्री देत नाही; तेच जेवण रात्री घेतले तर रक्तातली साखर जास्त चढते आणि उशिरा उतरते. रात्रपाळीचा कामगार शरीराचे घड्याळ झोपेकडे ढकलत असताना राबतो आणि घड्याळ उठवत असताना झोपू पाहतो. त्यात रात्री चहा-बिस्किटांवर भागवले आणि सकाळी उपाशीच घरी निघाला, तर कोठार रिकामे असते.

नेमक्या अशा वेळी बरेच जण ताडीच्या वाटेला लागतात. आपल्याकडे ताड आहे, शिंदी आहे. पहाटे उतरवलेला रस म्हणजे नीरा. त्यात दहा-बारा टक्क्यांच्या आसपास साखर असते. ऊन चढेल तसा तो आंबत जातो आणि त्यात चार-पाच टक्के अल्कोहोल तयार होते, तीच ताडी. झाड एक, मडके एक. परंतु यकृताच्या दृष्टीने ही दोन वेगळी पेये आहेत. साखर आली तर ती ठेवण्याची सोय यकृतात आहे. अल्कोहोल ठेवण्याची सोय नाही. ते मोडावेच लागते, आणि ते मोडेपर्यंत बाकीची कामे अडून राहतात.

अल्कोहोल मोडणारे मुख्य विकर त्याचे आधी ॲसिटाल्डिहाइड करते, हा दाहक पदार्थ आहे. दुसरे विकर त्याचे निरुपद्रवी ॲसिटेट करते. साधारण माणसाचे यकृत ताशी सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निपटते. पाच टक्क्यांच्या एक लिटर ताडीत सुमारे ४० ग्रॅम अल्कोहोल येते. म्हणजे चार ते सहा तासांचे काम झाले. जेवलेल्या माणसात हा वेग वाढतो आणि उपाशी माणसात तो मंदावतो, हे प्रयोगांत दिसून आले आहे. शिवाय पोटात अन्न असले की अल्कोहोल रक्तात हळूहळू उतरते. घरच्या बाईच्या ‘चार घास खा’ या सांगण्यामागचे हे पहिले कारण.

दुसरे कारण जीवघेणे आहे. अल्कोहोल मोडताना यकृतात अशी रासायनिक स्थिती होते की प्रथिनांपासून आणि इतर पदार्थांपासून नवी साखर बनवण्याचे काम थांबते. जेवलेल्या माणसाला त्याने फारसे बिघडत नाही, कारण त्याच्या कोठारात ग्लायकोजेन असते. उपाशी माणसाचे कोठार रिकामे आणि नवी साखर बनणे बंद. रक्तातली साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, हात कापतात, जीभ जड होते, माणूस कोसळतो. लोक म्हणतात, ‘चढली आहे, पडू दे, उतरेल.’ प्रत्यक्षात त्याचा मेंदू साखरेवाचून तडफडत असतो. अशा माणसाला झोपू देऊन निघून जाऊ नये. शुद्ध असेल तर गोड द्यावे, शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न ओतता कुशीवर वळवून तातडीने दवाखान्यात न्यावे. एवढे एक ध्यानात राहिले तरी हा लेख वाचल्याचे सार्थक होईल.

रोज पिणाऱ्याच्या यकृतात आणखी एक बदल होतो. १९६८ साली चार्ल्स लीबर आणि लिओनोर डिकार्ली यांनी दाखवले की यकृतात अल्कोहोल मोडण्याची एक दुसरी वाटही आहे आणि सततच्या पिण्याने ती रुंदावते. ‘मला आता चढत नाही’ या बढाईमागे काही अंशी हीच रुंदावलेली वाट असते. या वाटेवरचे विकर उपासानेही वाढते. आणि तेच विकर आपण ताप-अंगदुखीला घेतो त्या पॅरासिटामॉलच्या थोड्या भागाचे विषारी पदार्थात रूपांतर करते. एरवी हे विष ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ बिनबोभाट शमवतो. पण ग्लुटाथायोन अन्नातल्या प्रथिनांपासून बनते आणि उपासात आटते. म्हणजे उपाशी आणि रोज पिणाऱ्या माणसात विष करणारा हात मोठा आणि विष शमवणारा हात लहान. धडधाकट प्रौढाला दिवसाला चार ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही कमाल मर्यादा सांगतात. कुपोषित आणि मद्य पिणाऱ्या माणसाची मर्यादा त्याहून खाली असते. ती डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

क्षयाच्या औषधांचेही असेच आहे. आयसोनियाझिड यकृतातच मोडते आणि मद्याची जोड मिळाली की यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो. म्हणून कोणी क्षयाचे औषध सोडू नये. सोडायची ती ताडी. डोळे पिवळे झाले, लघवी चहासारखी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते ती गोष्ट निराळी. तिने घाबरू नये. पण रिफाम्पिसिन यकृतातली औषधे मोडणारी विकरे वाढवते आणि त्यामुळे संततिनियमनाच्या गोळ्यांतली संप्रेरके लवकर मोडून जातात. गोळीवर विसंबणाऱ्या बाईने हे डॉक्टरांशी किंवा आरोग्यसेविकेशी मोकळेपणाने बोलले पाहिजे.

संप्रेरकांमुळे बाईच्या यकृताचा वेग कसा बदलतो याचे घरगुती उदाहरण चहाचे आहे. चहातले कॅफीन प्रौढ माणसात सुमारे पाच तासांत निम्मे होते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याला पंधरा तासांपर्यंत लागतात, कारण ते मोडणारे विकर त्या काळात मंदावते. म्हणजे संध्याकाळचा चहा तिच्या अंगात मध्यरात्रीही असतो. उलट, विडी-सिगारेट ओढणाऱ्यात हेच विकर वाढलेले असते. विकर एकच, पण कोणाच्या शरीरात आहे त्यावर त्याचा वेग ठरतो.

कुपोषणाने औषधांचे काय होते, याचा अभ्यास हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. कमला कृष्णस्वामी यांनी १९७० च्या दशकात केला. तीव्र कुपोषणात यकृताची औषध मोडण्याची शक्ती घटते आणि औषध अंगात जास्त वेळ रेंगाळते. विकरे प्रथिनांचीच बनलेली. प्रथिने मिळाली नाहीत तर ती बनणार कशातून? औषधाचा डोस बहुतेक वेळा धडधाकट माणसावर ठरलेला असतो आणि तो गिळतो मात्र उपाशी माणूस.

मग नीरेचे काय? येथे आपल्या मराठी मातीतल्या एका विदुषीचे नाव आदराने घेतले पाहिजे. डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. केंब्रिजला वनस्पतींतल्या सायटोक्रोम-सी या प्रथिनावर काम करून त्यांनी १९३९ साली पीएच. डी. मिळवली, विज्ञानात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख होतो. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवताना राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. आदिवासी समाजातल्या कुपोषित मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरा दिल्याने त्यांची प्रकृती सुधारते, असे त्यांच्या कामातून दिसले आणि त्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. ज्या झाडाने आपल्या गावांना बदनाम केले असे म्हणतात, त्याच झाडाखाली पोषण उभे होते. प्रश्न तासांचा आणि मडक्याच्या स्वच्छतेचा होता. अर्थात नीरेतही साखर आहे. मधुमेही माणसाने ती सांभाळूनच घ्यावी.

साखरेचे दुसरे टोकही सांगितले पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. ‘यकृतात चरबी साठणे हा लठ्ठ शेठजींचा आजार’ असे आपण समजतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तेथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांत मांस कमी होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. दिसायला किडकिडीत आणि आतून मेदयुक्त, असा हा आपला घाट. मांस कमी म्हणजे साखर खपवणारी जागा कमी. अशा शरीरात पुढे पांढरा भात, साखरेचा चहा आणि बिस्किटे यांचाच भरणा झाला की इन्सुलिनला जास्त जोर लावावा लागतो. मग एक विचित्र गोष्ट घडते. ‘साखर बनवणे थांबवा’ हा इन्सुलिनचा निरोप यकृत नीट ऐकेनासे होते, पण ‘चरबी बनवा’ हा निरोप ऐकतच राहते. एकाच माणसात लहानपणची उपासमार आणि मोठेपणीचे चरबीयुक्त यकृत, दोन्ही वस्तीला येतात.

यावर काय करावे? आपल्याकडे नागली आहे, वरई आहे, उडीद-तूर आहे, किनाऱ्यावर बोंबील आहे. नागलीची भाकर, डाळ आणि मूठभर सुकी मासळी यांत यकृताला विकरे बनवायला लागणारा माल आहे. मात्र एवढे सांगून थांबणे म्हणजे सगळे ओझे उपाशी माणसाच्याच डोक्यावर ठेवणे होय. डाळ खा म्हणणाऱ्याने डाळीचा भाव आणि दिवसाची मजुरी शेजारीशेजारी मांडून पाहावी. १९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांहून जास्त काम घेण्यापूर्वी किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती आणि २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद केली होती. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या व्यवसायसुरक्षेच्या संहितेत ही संख्या १०० वर आणली. पण डहाणूचे फुग्यांचे अनेक लहान कारखाने, चिकूच्या वाड्या आणि वीटभट्ट्या या आकड्याच्या खालीच राहतात, आणि उपाशीपोटी कामावर येणारा माणूस जास्तकरून तेथेच भेटतो.

रात्रपाळीच्या मध्यावर गरम जेवण मागितले की मालक म्हणतात, ही दयेची बाब आहे, सवडीने पाहू. यकृताचा हिशेब त्यांच्यासमोर ठेवावा. जेवणाची सुट्टी नाकारली म्हणून काम थांबत नाही. ते कामगाराच्या स्नायूंतून काढलेल्या साखरेवर चालते, आणि ती साखर कोणाच्याही पगारपत्रकात दिसत नाही. शंभर कामगार नसतील तेथे दहाजणांनी मिळून डबा आणि चूल यांची सोय करावी, आणि त्या अर्ध्या तासाची मागणी मात्र सोडू नये.